काचतंतूंच्या आतले लाकूड : जुनी मोटरबोट घेण्यापूर्वीची तपासणी

फायबरग्लासची मोटरबोट ही आरपार न सडणारी वस्तू आहे, असा बहुतेक खरेदीदारांचा समज असतो आणि तिचा गुळगुळीत, चकचकीत बाह्यभाग त्या समजाला बळ देतो. प्रत्यक्षात १९६० च्या सुमारापासून पुढची तीन दशके अमेरिकेतल्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या बहुसंख्य लहान मोटरबोटींच्या पोटात लाकूड आहे, आणि तेही जिथे सर्वाधिक भार येतो नेमके तिथेच आहे. साच्याला आधी जेलकोट नावाचा रंगीत थर लावायचा, मग काचतंतूंचे कापड पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून त्यावर थरामागून थर चढवायचे, अशी या बोटींच्या बांधणीची पद्धत होती. अशी भिंत ताण चांगला सोसते, पण पातळ असली की सहज वाकते. जाडी दुप्पट केली तर भिंतीचा ताठपणा आठपट होतो. मात्र ती सगळी जाडी काचतंतूंनीच भरून काढायची म्हटली तर बोट जड आणि महाग होते, म्हणून दोन पातळ भिंतींच्या मध्ये हलका गाभा घालून जाडी वाढवण्याचा मार्ग बोट बांधणाऱ्यांनी धरला. स्वस्त, हलके, स्क्रू घट्ट धरणारे आणि कोणत्याही सुताराला कापता येणारे प्लायवूड हे त्या गाभ्यासाठी साहजिकच सोयीचे ठरले. लाकूड वापरणे ही त्या काळाची चूक नव्हती, कारण कोरडे राहिलेले प्लायवूड चाळीस वर्षांनंतरही उत्तम स्थितीत सापडते. प्रश्न ते कोरडे राहिले की नाही, एवढाच असतो.

हे लाकूड मुख्यतः तीन जागी असते. बोटीच्या मागच्या टोकाला रुंदीभर पसरलेली, जवळजवळ उभी भिंत म्हणजे ट्रान्सम; आउटबोर्ड इंजिन तिच्यावरच टांगलेले असते आणि पाणी मागे लोटून निर्माण झालेला सगळा जोर तिच्यातूनच बोटीला मिळतो. आजचे २०० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक इंजिन दोनशे किलोंहून अधिक वजनाचे असते, आणि लाटांवर आदळणाऱ्या बोटीत हे वजन प्रत्येक धक्क्याला अनेक पटींनी जाणवते. तो मार सोसण्यासाठी ट्रान्समच्या आत साधारण ३८ ते ५० मिलिमीटर जाडीचे प्लायवूड दोन्ही बाजूंनी काचतंतूंत गुंडाळून बसवलेले असते. दुसरी जागा स्ट्रिंगरची. बोटीच्या तळाला आतून लांबीच्या दिशेने जोडलेल्या या तुळया तळाला ताठ ठेवतात, आणि इंजिन बोटीच्या आत असेल तर त्याचे पायही याच तुळयांवर टेकलेले असतात. तिसरी जागा डेकची, म्हणजे ज्यावर माणसे चालतात त्या पृष्ठभागाची. डेकची कूज पायाखाली लगेच कळते आणि तुलनेने स्वस्तात निस्तरते. ट्रान्सम आणि स्ट्रिंगर मात्र वर्षानुवर्षे आतल्या आत खंगत राहतात आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही.

लाकूड कुजते ते बुरशीमुळे, आणि बुरशीला हवा, ऊब, अन्न आणि पाणी या चारही गोष्टी एकाच वेळी लागतात. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली असेल तर कूज सुरू होत नाही. साधारण २८ ते ३० टक्क्यांवर लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने तुडुंब होतात, आणि त्यापुढे पेशींच्या पोकळ्यांत मोकळे पाणी साचू लागले की बुरशीचे खरे राज्य सुरू होते. उलट टोकाला, पाण्यात पूर्ण बुडून हवेला मुकलेले लाकूडही बुरशीपासून वाचते. बोटीचा ट्रान्सम या दोन सुरक्षित टोकांच्या मधल्या घातक पट्ट्यात वर्षानुवर्षे राहतो, कारण काचतंतूंच्या आवरणात शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, उन्हात तापणाऱ्या भिंतीत ऊब भरपूर असते आणि ज्या छिद्रातून पाणी आले त्याच छिद्रातून हवाही येते. अशा लाकडात बहुधा सापडणारी तपकिरी कूज लाकडाचा सेल्युलोज खाते आणि लिग्निन मागे ठेवते, म्हणून शेवटी उरतो तो चौकोनी भेगा पडलेला, बोटांनी चुरगळणारा भुसा. त्याच्या कितीतरी आधी, म्हणजे लाकडाच्या वजनात पाच-दहा टक्क्यांचीच घट झालेली असते आणि डोळ्यांना फारसे काही दिसतही नसते, तेव्हाही आघात सोसण्याची त्याची ताकद निम्म्याहून अधिक गेलेली असू शकते. ‘थोडेसे कुजले आहे’ हे विक्रेत्याचे म्हणणे त्यामुळे कधीच हलक्यात घेऊ नये.

इथे एका रूढ समजुतीचा विचार करणे भाग आहे. अमेरिकेत जुन्या बोटींच्या जाहिरातीत ‘केवळ गोड्या पाण्यात वापरलेली’ हे वाक्य मोठ्या अभिमानाने छापले जाते आणि मिशिगन किंवा मिनेसोटाच्या तलावांवरची बोट फ्लोरिडाच्या खाऱ्या पाण्यातल्या बोटीपेक्षा चांगली मानली जाते. इंजिनापुरते हे खरे आहे, कारण मीठ धातूला खाते. लाकडाच्या बाबतीत मात्र गणित उलटे आहे : मीठ बुरशीची वाढ रोखते, आणि म्हणूनच एकोणिसाव्या शतकातले अमेरिकी जहाजबांधणी करणारे लाकडी जहाजांच्या फासळ्यांमधल्या पोकळ्यांत जाडे मीठ भरून ठेवत. जुन्या बोटींचा खरा शत्रू समुद्राचे पाणी नसून पावसाचे पाणी आहे, आणि वर्षभर उघड्यावर, ट्रेलरवर, अंगणात उभी असलेली बोट रोज समुद्रात जाणाऱ्या बोटीपेक्षा अधिक कुजलेली निघू शकते. कोकणच्या किनाऱ्यावर हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पावसाळा तोंडावर आला की होड्या वर ओढून झावळ्यांच्या झापांनी शाकारून ठेवण्याची रीत मासेमारीबंदीचे १ जून ते ३१ जुलै हे आजचे सरकारी वेळापत्रक येण्याच्या कितीतरी आधीची आहे. आता फायबरग्लासच्या होड्या आल्या म्हणून पाऊस त्यांना लागत नाही असे समजून त्या उघड्यावर ठेवणे हे त्या शहाणपणापासून दूर जाणे आहे, निदान जिथे आत लाकूड आहे तिथे तरी.

कारखान्यात बसवताना लाकूड चारही बाजूंनी बंदिस्त केलेले असते. मग पाणी आत शिरते कुठून? बहुतेक वेळा माणसाने पाडलेल्या छिद्रातून. बोट बाहेर काढल्यावर आतले पाणी वाहून जावे म्हणून ट्रान्समच्या तळाशी एक छिद्र पाडून त्यात पितळी नळी बसवलेली असते. हे छिद्र प्लायवूडच्या आरपार जाते, त्याच्या कडेला लाकडाचे उघडे तंतू असतात आणि तंतूंच्या टोकाकडून लाकूड पाणी फार झपाट्याने शोषते. त्या कडेवर रेझिनचा हात फिरवण्याची तसदी अनेक कारखान्यांनी घेतली नाही, केवळ नळीच्या कडा ठोकून पसरवल्या. बोटीतल्या सर्वांत सखल जागी, जिथे पाणी हमखास साचते, तिथेच लाकडाचे तोंड उघडे राहिले. १९५९ साली व्होल्वो पेंटा कंपनीने बाजारात आणलेल्या स्टर्नड्राइव्ह रचनेने, ज्यात इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा पाय बाहेर असतो, या दुखण्यात मोठी भर घातली, कारण तिच्यासाठी ट्रान्सममध्ये मोठा झरोकाच कापावा लागतो आणि त्याच्या संपूर्ण कडेला लाकूड उघडे पडते. यानंतर मालकांची कामगिरी सुरू होते : खोली मोजणाऱ्या यंत्राचा सेन्सर, पोहणाऱ्यांसाठी शिडी, मागचा फळीवजा पाट, बोटीचे नाक वरखाली करणाऱ्या पट्ट्या, आसनांचे पाय. प्रत्येक वस्तूसाठी चार-सहा स्क्रू पिळले जातात, त्यांपैकी निम्म्यांखाली सीलंट नसतो, आणि ज्यांखाली असतो त्यांचाही सीलंट काही वर्षांत सुकून सुटतो. दुसरीकडे पॉलिएस्टर रेझिनची लाकडाला चिकटण्याची क्षमता मुळातच बेताची असते. लाकूड ओले होऊन फुगले, पुन्हा आक्रसले, की काचतंतूंचा थर त्यावरून सुटतो आणि मधल्या फटीतून पाणी आणखी पुढे जाते. तपासणी करणाऱ्याने म्हणूनच मऊ जागा शोधत बसण्यापेक्षा पाण्याची वाट शोधावी. प्रत्येक छिद्र, प्रत्येक स्क्रू आणि कापलेली प्रत्येक कड हा संभाव्य उगम मानून तिथून खालच्या दिशेने पाहत जावे.

लाकूड ओले राहण्याचे आणखी एक कारण अमेरिकेत कायद्यातून आले. २० फुटांपेक्षा लहान मोटरबोट पाण्याने भरली तरी बुडू नये, या नियमाची पूर्तता करण्यासाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कारखान्यांनी डेकखाली, स्ट्रिंगरच्या मधल्या पोकळ्यांत पॉलियुरेथेनचा फेस ओतला. या नियमाने अनेकांचे प्राण वाचवले आहेत आणि त्याला दोष देणे योग्य नाही. पण तो फेस वर्षानुवर्षे पाण्यात राहिला की पाणी धरू लागतो आणि भोवतालच्या स्ट्रिंगरना ओल्या पोटिसासारखा लपेटून बसतो, त्यामुळे त्यांना वाळायला वावच मिळत नाही. याचा शोध घेण्याचा मार्ग अगदी सोपा असूनही फार थोडे खरेदीदार तो वापरतात : बोट ट्रेलरसह वजनकाट्यावर न्यावी. कारखान्याने दिलेले कोरडे वजन, इंजिनाचे वजन, ट्रेलरचे वजन, टाकीतल्या पेट्रोलचे लिटरमागे सुमारे पाऊण किलो आणि बोटीतले सामान यांची बेरीज करून काट्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावी. दोन-तीनशे किलोंचा हिशेब लागत नसेल तर ते वजन डेकखालच्या पाण्याचे असण्याची शक्यता दाट आहे.

प्रत्यक्ष तपासणीची सुरुवात डोळ्यांनी आणि हातांनी होते. बोट पाण्याबाहेर, शक्यतो काही दिवस कोरड्यात उभी असलेली असावी. ट्रान्समच्या वरच्या कोपऱ्यांत आणि इंजिनासाठी ठेवलेल्या खाचेच्या कोपऱ्यांत जेलकोटला तडे आहेत का, ते एका बिंदूपासून फाकत जातात का, हे पाहावे. जेलकोटच्या वरवरच्या केसासारख्या रेषा निरुपद्रवी असू शकतात, पण कोपऱ्यातून सुरू होऊन लांब जाणारा तडा भिंत वाकत असल्याचे सांगतो. स्क्रूखालून तपकिरी ओघळ उतरलेले असतील तर तो लाकडाचा रस असतो. ट्रान्समवर सरळ पट्टी आडवी धरली की फुगवटा किंवा आत दबलेला भाग कळतो, आणि इंजिनाच्या बोल्टखालच्या चकत्या भिंतीत रुतलेल्या दिसल्या तर आतला गाभा दबला आहे असे समजावे. त्यानंतर आउटबोर्ड अर्धवट वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर शरीराचा भार देऊन वरखाली हलवावे आणि दुसऱ्या माणसाने त्याच वेळी इंजिनाचा कंस आणि ट्रान्सम यांच्या सांध्याकडे पाहावे. भिंत हलता कामा नये. ती श्वास घेतल्यासारखी आतबाहेर होत असेल, किंवा बोल्टजवळून पाण्याचा थेंब बाहेर येत असेल, तर पुढची तपासणी केवळ कूज किती दूर पसरली एवढे ठरवण्यासाठी उरते. नवा गालिचा, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या सर्वांत खालच्या पोकळीत, नुकताच फासलेला रंग आणि ट्रान्समच्या मागच्या बाजूला ताजा जेलकोट यांकडेही चौकसपणे पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक बोटीच्या ट्रान्समवर, उजव्या बाजूला, बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक कोरणे बंधनकारक आहे. त्यावरून बांधणारा आणि बांधणीचे वर्ष कळते, आणि तो क्रमांक रंगाखाली गेला असेल तर ट्रान्समवर काय काम झाले हे विचारण्याचा खरेदीदाराला पूर्ण अधिकार आहे.

दुसरे साधन कानांचे. छोट्या प्लास्टिकच्या हातोडीने किंवा पेचकसाच्या मुठीने भिंतीवर हळूहळू ठोकत गेले की धड जागी टणक, स्वच्छ आवाज येतो आणि थर सुटलेल्या किंवा कुजलेल्या जागी तो बद्द होतो. आधी निःशंकपणे धड असलेल्या जागी, म्हणजे ट्रान्समच्या वरच्या मध्यभागी किंवा बाजूच्या भिंतीवर, ठोकून कान तयार करावा आणि मग खाली, पाणी सोडण्याच्या नळीकडे सरकावे. आतमध्ये टाकी, फेस किंवा आडवी भिंत आली की आवाज बदलतोच, त्यामुळे एकाच ठोक्यावर निष्कर्ष काढू नये. या पद्धतीची मोठी मर्यादा अशी की ओले पण अद्याप न कुजलेले लाकूड कानाला धडच वाटते.

ओलावा मोजणारे यंत्र ही उणीव काही प्रमाणात भरून काढते, मात्र त्याच्याइतका गैरसमज दुसऱ्या कोणत्याही साधनाबद्दल नसेल. सुया न टोचता, पृष्ठभागावर टेकवून वापरायचे हे यंत्र विद्युत क्षेत्र आत सोडून पदार्थाचा प्रतिसाद मोजते आणि पाण्याचा प्रतिसाद फार मोठा असल्याने आकडा चढतो. परंतु त्याची मोजपट्टी साध्या लाकडासाठी आखलेली असते, काचतंतूंआड दडलेल्या लाकडासाठी नव्हे. फायबरग्लासवर दिसलेला ‘३०’ हा ओलाव्याची टक्केवारी नसून शेजारच्या ‘१२’शी तुलना करण्यापुरता उपयोगी अंक आहे. भिंतीमागे धातूची टाकी, तळाच्या रंगात तांबे, पृष्ठभागावर मीठ किंवा दव, बिल्जमध्ये पाणी असेल तर कोरडी भिंतही ओली दाखवली जाते; उलट थर सुटून मध्ये हवा शिरली असेल तर आतले चिंब लाकूड कोरडे भासते. म्हणून अनुभवी सर्व्हेअर, म्हणजे बोटींची तपासणी करून लेखी अहवाल देणारे तज्ज्ञ, भिंतीवर मेणाच्या खडूने चौकटी आखून प्रत्येक चौकटीतला आकडा लिहितात. आकड्यांपेक्षा त्यांची आकृती बोलते : नळीभोवती किंवा एखाद्या स्क्रूखाली पंख्यासारखा पसरलेला चढत्या आकड्यांचा पट्टा दिसला तर पाण्याची वाट सापडली, आणि सगळीकडे सारखाच मध्यम आकडा असेल तर दोष रंगाचा किंवा हवेचा असण्याचा संभव अधिक.

संशय उरलाच तर शेवटचा निर्णय लाकूड स्वतः देते. आधीपासून असलेला एखादा स्क्रू काढून पाहणे हा सर्वांत निरुपद्रवी उपाय आहे. स्क्रूच्या आट्यांत काळा, ओला लगदा अडकला आहे की कोरडा, फिकट भुसा, एवढ्यावरही बरेच कळते. त्याने भागले नाही तर मालकाच्या लेखी संमतीने ट्रान्समच्या आतल्या बाजूने, शक्य तितके खाली, चार-पाच मिलिमीटरचे छिद्र बाहेरच्या थरापर्यंत न पोचेल अशा बेताने पाडतात. फिकट, कुरळा, सुका किस निघाला तर तेवढी जागा चांगली. कॉफीच्या चोथ्यासारखा लगदा निघाला आणि ड्रिल लोण्यात शिरल्यासारखे आत गेले तर वाद संपला. छिद्र नंतर दाट केलेल्या इपॉक्सी रेझिनने बुजवलेच पाहिजे, नाहीतर तपासणीच नव्या कुजीची सुरुवात ठरेल. अनेक विक्रेते ड्रिलला नकार देतात, आणि तो त्यांचा हक्कही आहे; पण अशा वेळी खरेदीदाराने किंमत ठरवताना ती भिंत कुजलेली आहे असेच धरून चालावे.

स्ट्रिंगरच्या बाबतीत एक वेगळा विवेक लागतो. काही बांधणाऱ्यांनी लाकडी तुळयांवर काचतंतूंचे इतके जाड आवरण घातले आहे की लाकूड केवळ आकार देणारा साचा उरतो आणि सगळा भार काचतंतूच पेलतात. अशा बोटीत आतले लाकूड कुजले तरी तळ ताठ राहू शकतो. इतरांनी मात्र बांधकामाच्या साध्या लाकडावर एक-दोन पातळ थर ओढून काम भागवले, आणि तिथे लाकूड गेले की तुळईच गेली. दोन्ही बोटी यंत्रावर सारख्याच ओल्या दिसतात. फरक कळतो तो आवरणाची जाडी पाहून, इंजिनाच्या पायांचे बोल्ट किल्लीने आवळून ते घट्ट बसतात की नुसते गरगर फिरतात हे पाहून, आणि सागरी चाचणीत झाकणे उघडी ठेवून, मध्यम लाटांवर वेगाने जाताना इंजिन आणि तळ एकमेकांच्या मानाने हलतात का हे पाहून. या एका मुद्द्यावर सर्व्हेअरच्या अनुभवाला पर्याय नाही. अमेरिकेत अशा तज्ज्ञांच्या ‘सॅम्स’ आणि ‘नॅम्स’ या संक्षिप्त नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन संघटना आहेत. खरेदीदाराने सर्व्हेअर स्वतः निवडावा, दलालाने सुचवलेला घेऊ नये.

अलीकडच्या बोटींच्या जाहिरातीत ‘लाकूड अजिबात नाही’ असा दावा असतो आणि तो पुष्कळदा खरा असतो, कारण काचतंतू मिसळलेल्या घन फेसाच्या फळ्या आता गाभ्यासाठी मिळतात. अशा फळ्या कुजत नाहीत, पण पाणी शिरून थर सुटण्याचा धोका तसाच राहतो. १९५८ मध्ये बाजारात आलेल्या बोस्टन व्हेलर या बोटीचे उदाहरण बोलके आहे. दोन कवचांच्या मध्ये फेस भरलेली ही रचना न बुडण्यासाठी प्रसिद्ध झाली आणि कंपनीचे संस्थापक डिक फिशर यांनी बोट करवतीने मधोमध कापून अर्ध्या भागात बसून दाखवले. तरीही तिच्या ट्रान्सममध्ये प्लायवूड होतेच, आणि स्क्रू धरावेत म्हणून फेसाच्या आत जागोजागी लाकडी ठोकळे बसवलेले होते, ज्यांची ठिकाणे दाखवणारे आराखडे कंपनी पुरवत असे. त्या आराखड्याकडे न पाहता नुसत्या फेसात स्क्रू पिळणाऱ्या मालकांनी पाण्याला थेट गाभ्यापर्यंत नेऊन सोडले.

कूज सापडल्यावर विक्रेत्याकडून हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे छिद्रे पाडून पातळ इपॉक्सी आत सोडणे. हा उपाय ट्रान्समला लागू पडत नाही : पातळ इपॉक्सी ओल्या लाकडात शिरत नाही, बंदिस्त भिंतीतले लाकूड कोरडे करता येत नाही, आणि खाल्ला गेलेला सेल्युलोज कोणत्याही रसायनाने परत येत नाही. खरी दुरुस्ती म्हणजे इंजिन उतरवणे, एका बाजूचा काचतंतूंचा थर कापून काढणे, सगळे लाकूड खरवडून नवा गाभा चिकटवणे आणि थर पुन्हा चढवणे. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही थर जागीच ठेवून मधला कुजका गाभा वरून उपसायचा आणि त्या पोकळीत घट्ट होणारे मिश्रण ओतायचे. स्ट्रिंगर बदलायचे तर आधी संपूर्ण डेक कापून काढावा लागतो आणि त्याखालचा भिजलेला फेस हातांनी उपसावा लागतो. वीस वर्षांपूर्वीच्या मध्यम आकाराच्या बोटीत या मजुरीची बेरीज पुष्कळदा बोटीच्या बाजारभावाच्या पुढे जाते. म्हणून करारात ‘तपासणी आणि सागरी चाचणी समाधानकारक ठरल्यास’ ही अट घालून अनामत रक्कम परत मिळण्याची सोय आधीच करावी, आणि ट्रान्सम गेलेली बोट तरीही घ्यायचीच असेल तर भाव चालू इंजिन आणि चांगला ट्रेलर यांच्या किमतीवर ठरवून हलचे, म्हणजे बोटीच्या मूळ सांगाड्याचे, मूल्य शून्य धरावे.